उंटिणीचं दूध : अन्न म्हणून घ्या, उकळून घ्या, औषध समजू नका

आरोग्य शिबिरात रक्तातली साखर तपासायला बसलेल्या माणसांकडून अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. "सिस्टर, उंटिणीचं दूध प्यायलं की शुगर जाते म्हणतात, खरं का?" कोणाच्या मोबाइलवर व्हिडिओ आलेला असतो. कोणाच्या दारावर एजंट पावडरचा डबा घेऊन आलेला असतो. कोणी राजस्थानात कामाला किंवा फिरायला जाऊन आलेले असतात आणि रस्त्याकडेच्या कळपावर धारोष्ण दूध पिऊन आल्याचं कौतुकाने सांगतात. आखाती देशांत नोकरीला असलेली आपली मुलंही फोनवर हेच सांगतात, "इथे वाळवंटात ताजं दूध मिळतं, फार ताकदीचं असतं."

या प्रश्नाला नुसतं "हो" किंवा "नाही" असं उत्तर देता येत नाही. दूध चांगलं आहे. त्यावर जगणारी माणसं कष्टाळू आणि प्रामाणिक आहेत. पण त्या दुधाच्या नावाने जे विकलं जातं आणि जे सांगितलं जातं, त्यातलं बरंच तपासून घ्यावं लागतं. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे.

हे दूध कोणाचं?

आपल्या देशातले बहुतेक उंट राजस्थानात आहेत. त्याखालोखाल गुजरातेत, मुख्यतः कच्छमध्ये. राजस्थानात उंट पाळणारा मुख्य समाज राईका, ज्यांना रबारी किंवा रेबारीही म्हणतात. कच्छमध्ये रबारी आहेत आणि फकिराणी जत हे मुस्लिम पशुपालक आहेत. कच्छच्या किनाऱ्यावर खाराई नावाचे उंट आहेत. ते खाडीतून पोहत जाऊन खारफुटीचा पाला खातात. 2015 साली त्यांना वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली. विदर्भातल्या वाचकांना हे लोक अगदीच अनोळखी नसतील. मेंढ्यांचे कळप घेऊन आणि उंटाच्या पाठीवर सगळा संसार लादून फिरणारे कच्छी रबारी तिकडच्या रस्त्यांवर अनेक वर्षांपासून दिसतात.

उंट पाळणाऱ्यांचे दिवस मात्र वाईट आले आहेत. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 4 लाख उंट होते. 2019 मध्ये ते अडीच लाखांवर आले. सात वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त उंट कमी झाले. शेतात ट्रॅक्टर आला, मालवाहतुकीला टेम्पो आला, उंटगाडीचं काम संपलं. चराऊ रानं कुंपणात गेली, जंगलात चराई बंद झाली. राजस्थान सरकारने 2014 मध्ये उंटाला राज्यप्राणी म्हटलं आणि 2015 मध्ये कायदा करून उंटाची कत्तल बंद केली, राज्याबाहेर नेण्यावर बंधनं घातली. हेतू उंट वाचवण्याचा होता. पण बाहेरचं गिऱ्हाईक तुटलं, नर उंटाला भाव राहिला नाही आणि पाळणाऱ्याचा खर्च तेवढाच राहिला.

अशा वेळी उरला आधार दुधाचा. गंमत अशी, की राईका समाजात पूर्वी उंटिणीचं दूध विकणं निषिद्ध मानलं जाई. घरात प्यावं, पाहुण्याला द्यावं, पण पैसे घेऊ नयेत. पोटाची गरज आली तेव्हा हा रिवाज मागे पडला. मग कायद्याची अडचण आली. हे दूध माणसाच्या पिण्याजोगं नाही असा निकाल राजस्थानात लागला होता. तो 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने बदलला. त्या लढ्यात पाली जिल्ह्यातल्या सादडी गावची लोकहित पशुपालक संस्थान ही संस्था राईकांच्या बाजूने उभी होती. 2016 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उंटिणीच्या दुधाची मानकं ठरवली. 2019 च्या जानेवारीत अमूलने कच्छच्या सरहद डेअरीतून येणारं दूध बाटलीत भरून गुजरातेत विकायला आणलं. अर्ध्या लिटरची बाटली 50 रुपयांना होती.

हे सगळं सांगायचं कारण असं, की पुढे आम्ही जे सावधगिरीचं बोलणार आहोत ते या माणसांविरुद्ध नाही. ज्याच्या घरची चूल या दुधावर पेटते त्याला योग्य दाम मिळालाच पाहिजे. भीती दाखवून दूध टाळायला आम्ही सांगत नाही.

धार कशी काढतात

आमच्यातल्या तिघी पाली जिल्ह्यात एका राईका कुटुंबाच्या कळपावर गेलो होतो. तिथे जे पाहिलं ते आरोग्याच्या दृष्टीने सांगण्यासारखं आहे.

गाईसारखं उंटिणीला खुंट्याला बांधून खाली बसून दोहता येत नाही. ती उंच असते. दोहणारा उभ्यानेच दोहतो. एका पायावर उभं राहून दुसरा पाय गुडघ्याशी टेकवायचा आणि त्या मांडीवर भांडं तोलून धरायचं. बहुतेक वेळा दोन बाजूंनी दोघं उभे असतात. आधी पिल्लाला सोडतात. ते ढुसण्या मारून पिऊ लागलं की पान्हा सुटतो. मग पिल्लाला बाजूला करून दोघं झटपट हात चालवतात, कारण पान्हा मिनिट-दोन मिनिटंच टिकतो. सडांतलं काही दूध पिल्लासाठी ठेवतात. पिल्लू मेलं तर उंटीण दूध देईनाशी होते, म्हणून पिल्लाचा वाटा काढून घेणं कोणालाच परवडत नाही. तिचा गाभणकाळच जवळजवळ तेरा महिन्यांचा. म्हणजे साधारण दोन वर्षांतून एक वेत. माणसाच्या वाट्याला दिवसाला काही लिटर दूध येतं, तेवढंच. हे दूध महाग का असतं ते यावरून कळावं.

दूध फेसाळ, पांढरंशुभ्र, चवीला किंचित खारट. काय चरलं त्यावर चव बदलते. खेजडी, बोर, बाभूळ, कडुनिंब असा काटेरी आणि कडू पाला उंट खातात. रानात भांडं नसेल तर राईका लोक रुईच्या पानाचा द्रोण करून त्यात दूध पितात. रुईचा चीक डोळ्यांना किती वाईट ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्यांना पान कसं धरायचं ते ठाऊक असतं. नवख्याने ती हौस करू नये.

आता नर्सच्या नजरेने बघा. पिल्लाने नुकतेच सड तोंडात धरलेले असतात. आजूबाजूला धूळ आणि लेंड्या. हात धुवायला वाळवंटात पाणी किती मिळणार? ऊन चाळीस अंशांचं, आणि शीतकरणाची सोय दूरच्या गावात. यात पशुपालकाचा निष्काळजीपणा नाही. रानात दूध काढायचं म्हणजे हे असंच असणार. म्हणून भांड्यात दूध पडल्यानंतर ते तोंडाला लावण्याआधी आपण काय करतो, ते महत्त्वाचं.

कच्चं दूध का नको

"ते लोक पिढ्यान्‌पिढ्या कच्चं पितात, त्यांना काही होत नाही," असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. होत नाही असं नाही. होतं, पण त्याला नाव मिळत नाही. त्या आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. उंट, शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांना होणारा हा जंतुसंसर्ग दुधातून माणसात येतो. जनावर गाभडतं तेव्हा त्याच्या वारेला आणि स्रावाला हात लागूनही येतो. म्हणून पशुपालकांचा तो धंद्याचाच आजार समजला जातो.

लक्षणं फसवी असतात. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. रात्री घामाने अंथरूण ओलं होतं. कंबर आणि सांधे दुखतात, भूक जाते, अंगात त्राण राहत नाही. मलेरिया, टायफॉइड, टीबी यांची औषधं होतात आणि ताप तसाच राहतो. गरोदर बाईला झाला तर गर्भपाताचा धोका असतो. पुरुषांच्या अंडकोषांना सूज येऊ शकते. रक्ताच्या तपासणीत निदान होतं आणि साधारण सहा आठवडे दोन प्रतिजैविकं घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर आजार उलटतो. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचे महिने असेच वाया जातात.

हे जंतू दुधाची चव, वास, रंग काहीच बदलत नाहीत. दूध ताजं आहे, उंटीण धडधाकट दिसते, यावरून काही ठरत नाही. धारोष्ण दूध म्हणजे शुद्ध दूध ही समजूत मनातून काढून टाकावी.

उपाय मात्र सोपा आणि स्वस्त आहे. आपल्याकडे गाई-म्हशीच्या दुधाला जी उकळी देतो तीच इथेही पुरते. डेअरीत दूध 63 अंशांवर 30 मिनिटं किंवा 72 अंशांवर 15 सेकंद तापवतात, तेवढ्याने हे जंतू मरतात. घरी तापमापक नसतो. म्हणून सरळ उकळी आणावी, ढवळत राहून दोन-तीन मिनिटं मंद आचेवर ठेवावं, झाकून गार करावं. या दुधाला फेस फार येतो. नुसता फेस वर आला म्हणजे उकळलं असं समजू नये.

मग कळपावर पाहुणे म्हणून गेलो आणि कोणी प्रेमाने कच्च्या दुधाची वाटी पुढे केली तर? नाही म्हटलं तर मन दुखावतं. आम्ही काढलेली वाट अशी, की "भाऊ, याचाच चहा करून द्या ना." राईका घरांत उंटिणीच्या दुधाचा चहा होतोच. खळखळ उकळलेला, गोड, दाट चहा मिळतो. मानही राहतो आणि तब्येतही. निघताना दुधाचे पैसे विचारून द्यावेत. घेतले नाहीत तर मुलांसाठी काही ठेवून यावं.

घरी शेळी बाळगणाऱ्या कुटुंबांनीही हे वाचून सोडून देऊ नये. शेळीचं कच्चं दूध लहान मुलाला ताकदीचं म्हणून पाजण्याची पद्धत कितीतरी वस्त्यांत आहे. आजार तोच, मार्ग तोच, उपायही तोच.

आखातात असलेल्यांसाठी

सौदी अरेबिया, अमिराती, ओमान, कतार या देशांत ड्रायव्हर, गवंडी, सफाई कामगार म्हणून गेलेली आपली माणसं आहेत. तिकडे शहराबाहेर उंटांच्या कळपांवर ताजं दूध मिळतं. तिथे ब्रुसेलोसिस आहेच. शिवाय 2012 मध्ये सौदीत मर्स नावाचा विषाणू सापडला. तो करोना विषाणूंच्याच कुळातला आहे आणि माणसात उंटांकडून येतो. त्याने फुप्फुसं निकामी होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेचा स्पष्ट सल्ला आहे की तिथे उंटिणीचं कच्चं दूध पिऊ नये आणि उंटांजवळ गेल्यावर हात धुवावेत. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असलेल्यांनी कळपापासून लांबच राहावं. हे फोनवर मुलांना नक्की सांगा.

दुधात खरोखर काय आहे

उंटिणीच्या दुधात प्रथिनं साधारण गाईच्या दुधाएवढीच, शंभर मिलीला तीन ग्रॅमच्या आसपास. स्निग्धांश म्हशीच्या दुधापेक्षा पुष्कळ कमी. क जीवनसत्त्व गाईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट. ही तिप्पट ऐकायला मोठी वाटते. पण गाईच्या दुधात ते मुळातच नाममात्र असतं, आणि उकळल्यावर थोडं कमी होतं. पेरूची एक मोठी फोड किंवा एक आवळा खाल्ला तर ग्लासभर उंटिणीच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व पोटात जातं.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, या दुधातही आहे. शंभर मिलीला चार ग्रॅमहून थोडी जास्त. "यात साखर नसते" हे विक्रेत्याचं बोलणं खोटं आहे. गाईच्या दुधातलं एक प्रथिन, ज्याची काही मुलांना ॲलर्जी असते, ते या दुधात नसतं. म्हणून अशा काही मुलांना ते चालतं. पण ही परीक्षा घरी करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी. दुधात गाईचं दूध मिसळलेलं असलं तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

आणखी एक. या दुधावर जाड साय येत नाही आणि दही घट्ट लागत नाही. त्यावरून दूध बनावट आहे असं समजू नये. त्याची घडणच तशी आहे.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. वर्षाच्या आतल्या बाळाला उंटिणीचं, गाईचं, शेळीचं, कोणतंच वरचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये.

साखरेच्या आजाराचं काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बिकानेरला 1984 पासून राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्र आहे. बिकानेरच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या काही रुग्णांना रोज अर्धा लिटर उंटिणीचं दूध देऊन अभ्यास केले. काहींची इन्सुलिनची मात्रा कमी झाली, असं त्यात दिसलं. व्हिडिओवाले एवढंच सांगतात. उरलेलं सांगत नाहीत. त्या रुग्णांचं इन्सुलिन बंद केलेलं नव्हतं. रक्त वारंवार तपासून डॉक्टर मात्रा ठरवत होते. आहार आणि व्यायामाकडेही लक्ष होतं. रुग्णांची संख्या थोडी होती. एवढ्या अभ्यासावर औषध बंद करायला सांगणारा कोणी असेल तर तो त्या संशोधनाचंच नाव खराब करतो आहे.

आम्ही काम करतो त्या भागातल्या एका घरात चौदा वर्षांच्या मुलीला टाइप-1 मधुमेह आहे. म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते सुईनेच द्यावं लागतं. आई घरकामाला जाते, वडील हातगाडी ओढतात. एका विक्रेत्याने त्यांना उंटिणीच्या दुधाची पावडर दिली आणि सांगितलं, "तीन महिन्यांत सुई सुटेल." आईबापांना रोज लेकीला टोचायचं दुःख असतंच. त्यांनी हप्त्याने पैसे भरले आणि इन्सुलिन निम्म्यावर आणलं, मग एका आठवड्यात थांबवलं. चौथ्या दिवशी मुलीला उलट्या सुरू झाल्या. तहान भागेना, श्वास खोल आणि जोरात चालू लागला, ती झोपाळल्यासारखी झाली. शेजारणीने आशाताईला बोलावलं, म्हणून ती वेळेत सरकारी रुग्णालयात पोचली. अतिदक्षता कक्षात चार दिवस होती. आज ती शाळेत जाते आणि सुई स्वतः टोचून घेते. पावडरचे हप्ते मात्र ती घरी आल्यानंतरही चालू होते.

ही लक्षणं पाठ करून ठेवा : मधुमेहाच्या रुग्णाला उलट्या, पोटदुखी, न भागणारी तहान, खोल जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी. यातलं काही दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावं.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं आपल्या देशात 1954 च्या औषधे आणि जादूई उपचार कायद्याने गुन्हा आहे. अन्नाच्या डब्यावरही रोग बरा होण्याचा दावा छापता येत नाही. असा डबा किंवा पत्रक हाती आलं तर फाडून टाकू नका. फोटो काढून ठेवा, पावती मागा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्या. वस्तीतल्या चार-पाच घरांनी मिळून दिली तर तिची दखल लवकर घेतली जाते.

विकत घ्यायचंच असेल तर

1. कळपावरून घेत असाल तर स्वच्छ, झाकणाचं स्टीलचं भांडं आपलं आपण न्या. धार काढण्याआधी हात आणि भांडं धुण्यापुरतं पाणी सोबत न्या आणि नम्रपणे विनंती करा.

2. आजारी किंवा नुकतीच गाभडलेली उंटीण असेल, किंवा जनावराला औषध-इंजेक्शन दिलेलं असेल, तर त्या दिवसांतलं तिचं दूध घेऊ नका. विचारलं की पशुपालक खरं सांगतात.

3. लवकरात लवकर उकळा. फ्रीज नसेल तर त्याच दिवशी संपेल एवढंच घ्या.

4. बाटलीबंद दूध घेताना पाश्चराइज्ड आहे का, तारीख काय, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक आहे का, ते बघा. असं दूध थंड साखळीतूनच आलेलं असावं.

5. पावडरचा किलोचा भाव हजारो रुपयांत जातो. घरात मधुमेही असेल तर तेच पैसे तपासणी, औषध, डाळ, अंडी आणि भाजीवर खर्च केलेले बरे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. मूठभर फुटाण्यांतही जवळपास तेवढीच.

6. मधुमेह्याने दूध घेतलं तर ते रोजच्या आहाराच्या हिशोबात धरावं, बिनसाखरेचं घ्यावं आणि डॉक्टरांना सांगावं. गोळी किंवा सुई स्वतःहून कमी करू नये.

आयुष्मान आरोग्य मंदिरात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातली साखर विनामूल्य तपासून मिळते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी ती तपासून घ्यावी. इन्सुलिन परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात विचारावं. "शिल्लक नाही" असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागावं आणि आमच्याकडे किंवा आशाताईकडे घेऊन यावं. पुढचा पाठपुरावा आपण मिळून करू.